सहीपुरते पालक

दिवाळीनंतर तिरोडा तालुक्यातल्या एका गावी नातेवाइकांकडे गेलो होतो. आपा अंगणात मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होत्या. शाळेतला एक मुलगा रजिस्टर घेऊन आला. आपांनी हात पुसले, त्याने बोट ठेवलं तिथे सही केली आणि पुन्हा पान उचललं.

कसली सही, विचारलं. "मैं शाला की मेंबर हूं ना! मीटिंग होती तो रजिस्टर घर आता."

आणि तुम्ही जात नाही?

"मैं अनपढ, वहां क्या बोलूंगी?"

याच आपा संध्याकाळी कट्टे मोजून हजारामागच्या मजुरीचा हिशोब तोंडी करतात. मुनशी चुकला तर त्याला परत मोजायला लावतात. त्यांचा नातू दुसरीत आहे आणि वजाबाकीत अडकतो. त्याला शिकवायला या घरात कोणी नाही, असं सगळ्यांनीच धरून चाललंय.

आपा ज्या समितीच्या सदस्य आहेत ती शोभेची नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं, शाळेचा विकास आराखडा तयार करणं ही समितीची कामं. (अल्पसंख्याक शाळांतल्या समितीला मात्र २०१२ च्या दुरुस्तीने फक्त सल्ल्याचं काम ठेवलं होतं. आपल्यातल्या अनेकांची मुलं अशा शाळांत आहेत, म्हणून सांगितलं.)

पोषण आहाराचंच घ्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य ठरलेलं आहे. गोंदिया धानाचा जिल्हा. तांदूळ जुना आहे की किडका, भात कच्चा आहे की शिजलेला, हे ओळखायला आपांना कुठली पदवी लागते?

मुख्याध्यापकांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण सकाळी अकराची बैठक म्हणजे बिडी कामगार बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी. वेळ संध्याकाळची करा, असं कोणी मागितलंय का? आपले मेळावे शिष्यवृत्ती आणि स्पर्धा परीक्षांवर होतात. पहिली-दुसरीच्या वर्गात काय चाललंय यावर एकही झालेला मला आठवत नाही. गळती मात्र तिथूनच सुरू होते. तिसरीत वाचता न येणारं मूल आठवीत शाळा सोडतं, तेव्हा आपण दोष गरिबीला देतो.

भाषेची अडचण खरी आहे. घरात हिंदी-उर्दू, अंगणात झाडीबोली, पुस्तकात मराठी. पण म्हणून घरात गप्प बसायचं नसतं. ज्या मुलाला घरच्या बोलीत रोज गोष्ट ऐकायला मिळते, त्याला पुस्तकातली गोष्ट परकी वाटत नाही.

आता तुमच्याबद्दल. घरात मराठी अर्ज वाचणारे तुम्हीच पहिले. रजिस्टर आलं की सहीआधी वरचा ठराव अम्मीला, भाभीला वाचून दाखवा. पुढच्या बैठकीला त्यांना शाळेच्या दारापर्यंत सोडा, पण त्यांच्या वतीने बोलू नका.

निघताना मी आपांच्या नातवाला सुपाजवळ बसवलं आणि कट्टे मोजायला सांगितलं. तो चुकला. आपांनी बिडी न थांबवता त्याला सुधारलं, दोनदा.