फोटो नको, विजेचं बिल दाखवा

उतई, दुर्ग आणि भिलाईतल्या मराठी पालकांना, प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना

२०२५च्या फेब्रुवारीत एका विद्यापीठाची प्रतवारी करायला गेलेल्या समितीच्या अध्यक्षाला आणि सदस्यांना सीबीआयने लाचेच्या आरोपावरून अटक केली. सगळ्यांनी कपाळाला हात लावला. तो राग रास्तच होता, त्यावर इथे शाई खर्च करत नाही. लाच हा निदान गुन्हा तरी आहे. पकडलं तर बेड्या पडतात. पण एक छदामही न देता, सगळे नियम पाळून कॉलेजांनी स्वतःला ‘हरित’ म्हणवून घेण्याचा जो उद्योग राजरोस चालला आहे, त्याला बेड्या नाहीत, उलट गुण आहेत. हे पत्रक त्या उद्योगाबद्दल आहे.

त्याचं तंत्र साधं आहे. कॉलेजांच्या या प्रतवारीच्या सातव्या निकषात पर्यावरण येतं. २०१७च्या नमुन्यात तिथे एक नेमका प्रश्न होता: संस्थेच्या वर्षभराच्या विजेपैकी किती टक्के वीज अक्षय स्रोतांतून येते? उत्तर द्यायचं तर कुणाला तरी मीटर वाचावा लागे, बिलांची फाईल काढून भागाकार करावा लागे. पुढे नमुन्यात ‘सुधारणा’ झाली आणि ती टक्केवारीच गेली. तिच्या जागी पाच गोष्टींची यादी आली: सौरऊर्जा, बायोगॅस, ग्रिडला वीज देणं, सेन्सरवर चालणारी साधनं, एलईडी दिवे. यांतल्या किती आहेत तेवढं सांगायचं. चार निघाल्या की पूर्ण गुण. म्हणजे गच्चीभर पॅनेल बसवणाऱ्याला एक खूण आणि स्टाफरूमच्या चार ट्यूबलाइटी बदलणाऱ्यालाही एकच खूण. जिन्यात हालचाल ओळखणारा दिवा लावला की आणखी एक. पुरावा म्हणून जिओटॅग फोटो जोडायचे. फोटोच्या तळाशी अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ सगळं छापून येतं. पॅनेल पृथ्वीच्या पाठीवर नेमकं कुठे आहे ते कळतं. त्यातून वीज निघते का, एवढंच कळत नाही. भिलाईच्या हवेत न पुसलेल्या पॅनेलवर काय साचतं ते इथे कुणाला सांगायला नको. धुळीने उत्पादन १०-१५ टक्के सहज घटतं, आणि इन्व्हर्टर बंद पडला तर शंभर टक्के. फोटोत दोन्ही पॅनेलं सारखीच निळी दिसतात. धूळफेक हा शब्द इतका शब्दशः क्वचितच लागू पडला असेल.

‘पण आमच्याकडे हरित लेखापरीक्षणाचा अहवाल आहे,’ असं लगेच सांगण्यात येतं. असतो खरा, स्पायरल बाइंडिंग केलेला. ऊर्जा लेखापरीक्षकाला राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. हरित लेखापरीक्षकासाठी कायद्याने अशी परीक्षा ठेवलेली नाही. आणि अहवाल चांगल्या माणसाने लिहिलेला असला, तरी गुण तो असल्याबद्दल मिळतात, त्यात काय लिहिलं आहे याबद्दल नाही. रक्त तपासून रिपोर्ट फ्रेम करून भिंतीला टांगावा आणि साखर किती निघाली हे विचारूच नये, तसला हा प्रकार.

रोपांचं तर बोलायलाच नको. ५ जूनला खड्डा, फावडं, पाहुणे, फोटो. झाडं लावूच नयेत असं कोण म्हणेल? पण हिशोब करा. आपल्याकडे १०० किलोवॉटचा सौरसंच वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार युनिटं देतो. देशातल्या ग्रिडची एक युनिट वीज साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेऊन येते. म्हणजे त्या एका गच्चीवर वर्षाला ९५-१०० टन वाचतात. पूर्ण वाढलेलं झाड वर्षाला वीस-बावीस किलो शोषतं असं धरलं, तर एवढ्या कामाला साडेचार हजार झाडं लागतील, वाढलेली. यंदा लावलेलं आणि उन्हाळ्यात वाळलेलं रोप या हिशोबात धरता येत नाही.

खरं तर सौरऊर्जेला कॉलेजइतकी सोयीची इमारत दुसरी नाही. घरात वीज लागते संध्याकाळी, सूर्य गेल्यावर. कॉलेज भरतं दहाला आणि सुटतं पाचला, म्हणजे अगदी सूर्याच्या वेळापत्रकाने. गच्ची सपाट, मोकळी आणि कुणाच्या वाळवणाची नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत वीज वाया जाईल ही शंका असेल, तर २०२०च्या डिसेंबरात केंद्राच्या नियमांनी नेट मीटरिंग (जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलातून वळती करण्याची सोय) १० किलोवॉटवर आणून ठेवलं होतं, ते २०२१च्या जूनमध्ये ५०० किलोवॉट किंवा मंजूर भार, यांपैकी कमी असेल तिथपर्यंत वाढलं. पैसे नाहीत? कंपनी स्वखर्चाने संच बसवते आणि कॉलेज फक्त युनिटचे पैसे देतं, अशी पद्धत देशात वर्षानुवर्षं चालू आहे. शेजारच्या राजनांदगाव जिल्ह्यात १०० मेगावॉटचा सौर प्रकल्प १२० मेगावॉट-तासांच्या बॅटरीसह २०२४मध्ये सुरू झाला. ऊन तिथलं आणि आपलं एकच आहे.

सर्वांत चीड आणणारा आक्षेप मात्र वेगळाच आहे: ‘इथे दारात पोलाद कारखाना धडधडतोय, तिथे आमच्या पंख्यांनी काय होणार?’ भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. झोतभट्टीत कोक नुसता उष्णतेसाठी जळत नाही, लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घेण्यासाठी तो लागतो. त्याला पर्याय शोधायला जगभरचे धातुशास्त्रज्ञ डोकं खाजवत आहेत. वर्गातल्या पंख्याला कुठलं खनिज वितळवायचं आहे? जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. आणि प्राचार्यांच्या दालनातला दीड टनाचा एसी ऐन भरात दीड किलोवॉट, म्हणजे असे वीस जुने पंखे. दिवसात सहा तास चालला तर कोरबाकडच्या कोळशाच्या भाषेत चार-पाच किलो. टोपलीत भरून दालनात आणून ठेवला, तर हरित प्रमाणपत्राच्या फ्रेमखाली तो चांगला शोभेल.

‘आम्ही पर्यावरण शिकवतो’ हेही ऐकून घेऊ. १९९१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पर्यावरणाचा पेपर हळूहळू सक्तीचा झाला. मुलं त्यात ओझोन, आम्लवर्षा आणि पॅरिस करार पाठ करतात. डोक्यावरचा पंखा महिन्याला किती युनिटं खातो, हा प्रश्न त्या पेपरात विचारला, तर शिकवणाऱ्यालाही बिल मागवावं लागेल, आणि ते अकाउंट्सच्या कपाटात कुलूपबंद.

आकडे उघड केले की फजिती होते, ही भीती खरी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ साली जाहीर केलं की २०२५पर्यंत आपण कार्बनतटस्थ होऊ. जमलं नाही, उद्दिष्ट बदललं, मुदत २०४५वर गेली. नाचक्की झाली, पण ती होऊ शकली कारण मोजमाप चारचौघांत होतं. आपल्याकडे कुणाचीच नाचक्की होत नाही. सगळेच उत्तीर्ण.

तेव्हा मागणी एकच. कॉलेजच्या दारात, जिथे फीच्या तारखा लागतात त्याच फळ्यावर, दर महिन्याला तीन आकडे लिहा: विकत घेतलेली युनिटं, गच्चीवर तयार झालेली युनिटं आणि विद्यार्थीसंख्या. बिल फीच्या पैशांतून भरलं जातं, तेव्हा ते बघायला माहितीचा अर्ज का करावा लागावा? पालकांनी पुढच्या सभेत हे मागावं. विद्यार्थ्यांनी रोज फळा बघावा, आणि तो कोरा दिसला तर त्याचा फोटो काढावा, अक्षांश-रेखांशासकट.