कळंबोलीतील करबदलांचे परिणाम

कळंबोली हे रायगड जिल्ह्यातील पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत सिडकोने वसवलेले नगर आहे. येथे लोखंड-पोलाद बाजार आणि मोठी निवासी वसाहत शेजारी असल्याने व्यापारावरील व घरावरील करांतील बदलांचे परिणाम एकाच ठिकाणी दिसतात.

महसुलातील बदल

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. त्या काळात मुंबई वगळता राज्यातील महानगरपालिका हद्दीत येणाऱ्या मालावर स्थानिक संस्था कर (एलबीटी) आकारू शकत होत्या. मात्र ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तो १ ऑगस्ट २०१५ पासून माफ होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागू झाल्यावर एलबीटी संपुष्टात आला. त्याबदल्यात राज्य शासन महानगरपालिकांना भरपाई देते. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून या रकमेत दरवर्षी ८ टक्के वाढ होते. त्यामुळे व्यापारातून मिळणारे उत्पन्न निश्चित झाले, परंतु दर ठरवण्याचा अधिकार राहिला नाही. महानगरपालिकेच्या हाती उरलेला प्रमुख कर म्हणजे मालमत्ता कर.

पोलाद आणि घराची किंमत

पोलादावर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते, त्यामुळे अंतिम भार ग्राहकावर पडतो. १ एप्रिल २०१९ पासून बांधकामाधीन घरांवर ५ टक्के, तर परवडणाऱ्या घरांवर १ टक्का कर आहे. परंतु विकासकाला वजावट मिळत नाही. परिणामी पोलादावरील कर घराच्या किमतीत मिसळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पोलादाचा दर कायम राहिला.

मालमत्ता कराचा वाद

महानगरपालिकेने २०२१ मध्ये सिडको वसाहतींतील घरमालकांना ऑक्टोबर २०१६ पासूनच्या कराची देयके दिली. त्या काळात सिडकोला सेवाशुल्क भरल्याने हा दुहेरी भार असल्याचा आक्षेप रहिवाशांनी घेतला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले.

उत्पन्न गटांवरील परिणाम

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न आयकरमुक्त केले. यामुळे प्रत्यक्ष करांत सुमारे १ लाख कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, असा शासनाचा अंदाज होता. याच प्रणालीत ७ लाखांपर्यंत आधीच कर नसल्याने बाजारातील अल्प वेतनाच्या कामगाराला या सवलतीतून थेट काही मिळाले नाही. जीएसटीतील कपात त्याच्यापर्यंत पोहोचते, पण विक्रेत्याने किंमत कमी केली तरच. मालमत्ता कर घराच्या मूल्यावर ठरतो, मालकाच्या चालू उत्पन्नावर नव्हे. म्हणून नोकरीतील आयकरदात्याला एकीकडे मिळालेली सवलत दुसरीकडे काही अंशी वळती होते. आयकर न भरणाऱ्या निवृत्त घरमालकाच्या वाट्याला मात्र केवळ वाढीव देयक येते. भाडेकरूला देयक येत नाही, पण घरमालकाने भाडे वाढवल्यास त्याचा भार त्याच्यावरही पडतो.