पुराच्या पाण्यातला नफा

आम्ही उर्दू शाळेचे मास्तर. नफा-तोट्याची गणिते शिकवणे हे आमचे रोजचे काम. १२ रुपयांची मेणबत्ती ३० रुपयांना विकली, तर नफा शेकडा किती? उत्तर सोपे : शेकडा १५०. पण मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, ''सर, ये नफा नई, लूट है.'' आम्ही त्याला पूर्ण गुण दिले.

हे गणित पुस्तकातले नव्हते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फूटही मागे टाकले. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, उपसा केंद्रे बुडाली, शहराचे नळ कोरडे झाले. १२ ऑगस्टची बकरी ईद त्याच चिखलात आली. आमच्या मोहल्ल्यात मशिदीच्या दारात फुकट खिचडी वाटली जात होती आणि चार पावलांवर २० रुपये छापलेली पाण्याची बाटली ४० ला विकली जात होती. विकणारा परका नव्हता. नमाजेत पहिल्या सफेत उभा राहणारा आमचाच भाई होता.

विचारले तर म्हणाला, ''मास्तर, माल कमी, गिऱ्हाईक जास्त. भाव अल्लाहच्या हातात. खुद्द रसूलुल्लाहनीही (स.) भाव बांधून दिले नव्हते.''

अर्धी हदीस सांगून पुरा गल्ला भरण्याची ही चलाखी आम्हाला मान्य नाही. ती गोष्ट भाव आपोआप चढतात तेव्हाची. त्याच पैगंबरांनी साठेबाजाला गुन्हेगार ठरवले, काफिल्याला बाजाराबाहेर गाठून सौदा करायलाही मनाई केली. ट्रकभाडे वाढले म्हणून दोन रुपये जास्त मागितले असते, तर आम्ही हसत दिले असते. हा माल तर पुराआधीच, जुन्या भावाने, दुकानात पडून होता!

कायदाही मुका नाही. छापील किमतीहून जास्त घेणे २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनी गुन्हा आहे. आज १९१५ या क्रमांकावर ग्राहकाला तक्रार करता येते. किती जण करतात?

आणि हे गाव कुणाचे? १८९६-९७ च्या दुष्काळात स्वस्त धान्याची दुकाने उघडणाऱ्या शाहू महाराजांचे. रस्त्यावर उतरून टोल रद्द करायला लावणाऱ्यांचे. टोलनाक्यावर गरजणारे आपण गल्लीच्या नाक्यावर गप्प का? ओळखीचा, जमातीचा म्हणून?

आम्हीही गप्पच होतो. पूर ओसरल्यावर त्याच दुकानदाराने शाळेला वह्या दिल्या. आम्ही त्याला हार घातला, मुलांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले आणि मेणबत्ती पुन्हा ३० ला गेली.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : पावसाळ्याआधी प्रत्येक मोहल्ल्याच्या जमातीने दुकानदारांना बसवावे, पूरकाळातले भाव फळ्यावर लिहावेत. मोडेल त्याचा चंदा मशिदीने घेऊ नये, वह्या शाळेने घेऊ नयेत. त्या वह्या कुणाच्या पैशाच्या होत्या, हे गणित मागच्या बाकावरच्या पोराला केव्हाच सुटले होते.