नाव कुणाचं, टाका कुणाचा

निवृत्तीचे समारंभ आणि लग्नसराई एकाच मोसमात आली की भेटवस्तूंच्या दुकानांवर एक पाटी हमखास झळकते: 'तुमच्या नावाची खास भेट, चोवीस तासांत.' गेल्या आठवड्यात एका शाळेतून मराठीच्या बाई निवृत्त झाल्या. हयातभर मुलांकडून जोडाक्षरं घोटून घेतलेल्या या बाईंना सहकाऱ्यांनी फोटो आणि नाव छापलेला मग दिला. बाईंच्या नावात जोडाक्षर आहे. छपाईच्या संगणकाने ते फोडलं, अर्ध्या अक्षराचा पाय मोडून ठेवला आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर नेऊन बसवली. देणाऱ्यांपैकी कुणाच्याच ते ध्यानात आलं नाही, कारण मग खोक्यातून निघाला तो थेट व्यासपीठावर. बाईंनी तो हसून घेतला. राग यायला हवा होता तो बाकीच्यांना.

असा मग कसा तयार होतो, ते थोडक्यात. पांढऱ्या मगवर कारखान्यातच पॉलिमरचा पातळ लेप दिलेला असतो. दुकानदार फोटो खास शाईने कागदावर उलटा छापतो, कागद मगभोवती गुंडाळतो आणि 180 ते 200 अंश सेल्सिअस तापलेल्या पट्ट्यात काही मिनिटं दाबून धरतो. शाईची वाफ होते आणि ती लेपात मुरते. तंत्र हुशारीचं आहे, दुकानदाराची मेहनतही खरी आहे. खटकतं ते एवढंच की या सगळ्यात बाईंचा विचार कुणीही, कुठल्याही पायरीवर केला नाही. फोटो पाठवायला एक मिनिट लागलं आणि भेट 'खास' झाली.

या सदराच्या जुन्या वाचकांना आठवत असेल, भांड्यांवरच्या नावांबद्दल इथे मागे लिहून झालं आहे. स्टीलच्या तांब्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी 'सप्रेम भेट' कोरून देणारा माणूस भांड्यांच्या दुकानाबाहेर छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन बसायचा. पुढे त्याच्या हातात विजेचं यंत्र आलं. पण ते नाव मुख्यतः हिशेबाचं होतं. कार्याला शेजारपाजारची पातेली, पराती गोळा व्हायच्या आणि पंगती उठल्यावर ज्याचं भांडं त्याच्या घरी परत जायचं ते नावामुळे. आहेरात कुणी काय दिलं हेही त्यावरून कळायचं. नाव घातल्याने तांब्या त्या माणसाचा खास झाला असं कोणी मानत नव्हतं.

एखादी वस्तू एखाद्या माणसाची होते ती मापाने. कपाचंच घेऊ. संधिवाताने बोटं आखडलेल्या आजोबांना बाजारातल्या कपाचा कान नीट धरता येत नाही. त्यात एखाददुसरं बोट कसंबसं शिरतं आणि भरलेल्या कपाचा सगळा भार त्या दुखऱ्या सांध्यावर येतो. त्यांच्यासाठी कप घडवायचा तर कानात तीन-चार बोटं सहज जायला हवीत, बूड रुंद हवं, भिंत पातळ हवी म्हणजे वजन कमी राहील. आणि हे सगळं ठरवताना माती आटते हे धरून चालावं लागतं. स्टोनवेअरची माती ओली असल्यापासून पक्की भाजून निघेपर्यंत साधारण दहा ते बारा टक्के आटते. चाकावर दहा सेंटिमीटर उंच भरलेला कप भट्टीतून येतो तेव्हा जेमतेम नऊचा असतो. कानातली जागाही त्याच प्रमाणात कमी होते. म्हणजे आधी आजोबांच्या बोटांची जाडी पाहायची, मग कान त्याहून चांगला सैल ओढायचा. हे काम करताना त्या माणसाचा हात डोळ्यांपुढे ठेवल्याशिवाय चालतच नाही.

नाव कोरायचंच असेल तर त्याची वेळ ठरलेली असते. माती फार ओली असताना कोरली तर सुईच्या दोन्ही बाजूंना कड उचलली जाते आणि अक्षर फाटल्यासारखं दिसतं. पूर्ण वाळल्यावर कोरली तर ढलप्या निघतात. देवनागरीत तर गाठीच्या आतला मातीचा बारीक कण नेमका उडून जातो. मधली अवस्था पकडायची: बोटाने दाबली तर भांडं दबत नाही, पण सुईची रेघ स्वच्छ उठते. स्टुडिओत तिला 'लेदर हार्ड' म्हणतात. उन्हाळ्यात पंख्याखाली ही वेळ काही तासांतच निघून जाते, पावसाळ्यात भांडं दोन-दोन दिवस तसंच राहतं. बाईंच्या नावातलं ते जोडाक्षर या अवस्थेतल्या मातीवर कुणी हाताने कोरलं असतं तर ते फुटलं नसतं. हाताला जोडाक्षर येतं.

पुढची वाट घाईची नाही. कपात ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि भांडं तडकतं, कधी फुटून शेजारची भांडीही घेऊन जातं. 573 अंशांच्या आसपास मातीतल्या गारेचे स्फटिक एकदम फुगतात आणि थंड होताना पुन्हा आकसतात. म्हणून भट्टी चढवतानाही आणि उतरवतानाही सबुरी लागते. पहिली भाजणी हजार अंशांच्या आतबाहेर, मग झिलई, मग स्टोनवेअर असेल तर बाराशेच्या वरची दुसरी भाजणी. घरच्या ओव्हनवर काही जण भरवसा ठेवतात, पण तो फार तर अडीचशे अंशांपर्यंत जातो आणि मातीतलं मूळचं पाणी सुटून ती पुन्हा न विरघळणारी व्हायला सहाशेच्या आसपास तरी तापमान लागतं. ओव्हनमधल्या कपात चहा ओतला तर तो चिखल होईल. वाळवणं, दोन भाजण्या आणि भट्टी भरण्याची वाट पाहणं धरून एका कपाला तीन-चार आठवडे सहज लागतात. म्हणजे वाढदिवसाची आठवण महिनाभर आधी व्हायला हवी, आणि एवढी आधी आठवण होणं हेच तर हवं आहे.

ज्यांना स्वतः चाकावर बसायचं नाही त्यांनाही वाट बंद नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची घरं पिढ्यान्‌पिढ्या काम करत आहेत; गावोगावी संक्रांतीची सुगडं आणि दिवाळीच्या पणत्या करणारे कुंभार आहेत. नातीच्या भातुकलीसाठी तिच्या मुठीच्या मापाची बोळकी हवीत असं सांगितलं, तर हौसेने करून देणारा कुंभार भेटतो. त्यासाठी त्याच्या दाराशी जाऊन बसावं लागतं आणि सुगडांची गर्दी उलटल्यावर जावं लागतं.

शिवणाचं याहून सोपं आहे, कारण भट्टी लागत नाही आणि सुई जवळपास प्रत्येक घरात असते. शिवाय मराठी घरांत हे काम एके काळी इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्याला कुणी भेटवस्तू म्हणतही नव्हतं. कुंची आठवून पाहा. बाळ जन्माला यायच्या आधी त्याचं माप घेणार कोण? म्हणून कुंचीला बाह्याच नसतात. डोक्याला टोपी, तिच्यापासून पाठीवर सोडलेला झोळ आणि हनुवटीखाली नाडी. बाळ वाढलं तरी कुंची बरेच महिने अंगाला येते. वरून गुळेदगुडचा खण किंवा आईच्या शालूचा तुकडा, पण आत, बाळाच्या टाळूला लागेल तिथे, जुनेर. आजीचं धुऊन-धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं. नव्या कापडात खळ असते, ती कोवळ्या कातडीला बोचते. शेकडो वेळा धुतलेल्या सुतात ती उरलेली नसते. शिवणारीला हे कुणी शिकवलेलं नसे, पण कापड निवडताना तिचा हात चुकत नसे.

आणि गोधडी! नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले की एका माणसाच्या गोधडीचे चार थर एकाच लुगड्यातून निघतात. काठ वेगळा काढून ठेवायचा, तो शेवटी कडेला लागतो. जमिनीवर थर एकावर एक पसरून, सुरकुती हाताने मारून, आधी लांब कच्चे टाके घालून सगळं जागच्या जागी धरायचं. मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात फिरत-फिरत मध्यापर्यंत यायचं. समोरासमोर दोघी बसल्या की काम झपाट्याने सरकतं आणि गप्पाही होतात. सुई जाड लागते, मधल्या बोटाला अंगुस्तान लागतं, आणि जुन्या धोतराचा काठ मध्ये आला की सुई अडते, ती थोडी हलवून काढावी लागते.

आज घरी गोधडी करायला बसणाऱ्यांनी एक गोष्ट जपावी. आईच्या सगळ्याच साड्या आठवणीच्या असतात, पण सिंथेटिक साडी सुती थरांत घालू नये. ती घसरते, टाका ओढला की चुण्या पडतात, आणि तिच्यात हवा खेळत नसल्याने पांघरणाऱ्याला घाम येतो. अशा साडीचे छोटे तुकडे वरच्या बाजूला ठिगळासारखे लावावेत. रंग दिसतो, आठवण राहते. वडिलांचे सुती सदरे, शाळेच्या गणवेशाचा खिसा, बहिणीचा परकर, सगळ्याला जागा मिळते. परगावी नोकरीला निघालेल्या मुलीच्या गोधडीवर तिचं नाव घालायची गरज पडत नाही. तिला प्रत्येक तुकड्याचा मूळ मालक ठाऊक असतो.

कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे आफ्रिकी पूर्वज हिंदुस्थानात गुलाम म्हणून आणले गेले, त्यांतले बरेच पोर्तुगीजांच्या गोव्यातून निसटून जंगलात आले. त्यांच्या बाया जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. जुन्या कपड्यांचे भडक रंगांचे तुकडे कडेपासून आत लावत जातात आणि कोपऱ्यांत दुमडलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण बसवतात, त्यांना फूल म्हणतात. ऊब त्या त्रिकोणांनी तसूभर वाढत नाही. तरी फुलं लावल्याशिवाय त्या काम पुरं झालं असं मानत नाहीत. पाळण्यातल्या पोरासाठीही छोटी कवंदी होते.

नावाचा विषय शिवणकामातही आहेच, फक्त तो वेगळ्या वाटेने येतो. 1840च्या दशकात अमेरिकेत पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबाला मैत्रिणी आणि नातलग मिळून रजई देत. प्रत्येकीने आपला एक चौकोन शिवायचा आणि त्यावर स्वतःची सही करायची. कापड न खाणारी शाई तोवर मिळू लागली होती. आधीच्या शाईतल्या लोखंडाने अक्षरांच्या जागी कापड विरून जायचं. तिथे नावं होती ती देणाऱ्यांची, शिवणाऱ्यांची.

बंगालात याहून सुंदर उदाहरण आहे. कोलकात्याजवळ जोका इथे गुरुसदय संग्रहालय आहे. सनदी अधिकारी गुरुसदय दत्त यांनी गोळा केलेल्या लोककलेचं. त्यात एकोणिसाव्या शतकातली एक कांथा आहे, खुलना भागातली. मानदासुंदरी दासी या बाईने ती आपल्या वडिलांसाठी शिवली आणि तसं त्याच कांथेवर दोऱ्याने लिहून ठेवलं. जुन्या साड्यांचे थर, साडीच्या काठातून ओढून काढलेले रंगीत दोरे, हे साहित्य बंगालातल्या कुठल्याही घरात असायचं. पण या एका बाईने 'हे मी केलं, माझ्या वडिलांसाठी केलं' एवढं सांगायची हिंमत केली म्हणून आज तिचं नाव माहीत आहे.

महाराष्ट्रात गोधड्या शिवल्या गेल्या त्या लाखांनी. त्यांवर शिवणारीचं नाव शोधू गेलं तर बहुधा कुठेच सापडत नाही. आजही गावात आणि शहराच्या वस्त्यांत मजुरीवर गोधडी शिवून देणाऱ्या बाया आहेत. लोक घरचे कपडे गाठोड्यात बांधून नेऊन देतात आणि मजुरीची घासाघीस करतात, 'कापड तर आमचंच आहे' म्हणून. कापड खरंच त्यांचं असतं. पण चार-पाच थरांतून जाणारे हजारो टाके, पाठीचा काटा ढिला करणारे दिवस आणि सुईने चाळण झालेली बोटं तिची असतात. फोटोच्या मगला छापील किंमत मुकाट्याने मोजणारी माणसं इथे शंभर रुपयांसाठी अडून बसतात, हे संताप आणणारं आहे.

तेव्हा या मोसमात ज्यांना लेकीला, भाच्याला, निवृत्त होणाऱ्या बाईंना गोधडी द्यायची आहे आणि स्वतः शिवायला जमणार नाही, त्यांनी शिवणारीने सांगितलेली मजुरी द्यावी आणि आणखी एक काम तिला सांगावं. मागच्या बाजूला, एका कोपऱ्यात, तिने स्वतःचं नाव टाक्यांनी घालावं. तिला लिहिता येत नसेल तर तिच्याच मुलाने किंवा नातीने खडूने अक्षरं काढून द्यावीत, तिने त्यावरून दोरा फिरवावा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. त्याचे पैसे वेगळे धरावेत.