सागराभिमुख घर आणि हमीपत्राचा आधार

‘घर पाहावे बांधून’ या म्हणीत पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव साठवलेला आहे. घर बांधताना विटा-सिमेंटचा हिशेब जसा कळतो, तशी माणसांचीही पारख होते. परंतु हे घर सुमारे सात हजार किलोमीटर दूर, परक्या भाषेच्या आणि परक्या कायद्याच्या देशात उभे राहत असेल, तर ते ‘पाहणे’ खरेदीदाराच्या हाती उरत नाही. त्याच्या हाती उरतात ती केवळ कागदपत्रे. म्हणूनच कोणता कागद सर्वांत आधी मागावा, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर आलिकांते प्रांतात हावेआ नावाचे एक टुमदार गाव आहे. पाठीशी ७५३ मीटर उंचीचा मोंतगो पर्वत, दोन बाजूंना दोन भूशिरे आणि मध्ये निळाशार उपसागर, अशी त्याची रचना आहे. एकेकाळी द्राक्षे वाळवून मनुका निर्यात करणे हा या परिसराचा मोठा व्यवसाय होता. मनुका पावसापासून वाचाव्यात म्हणून बांधलेल्या कमानदार पडव्या आणि ‘तोस्का’ या सोनेरी छटेच्या दगडातील जाड भिंतींची जुनी घरे आजही तेथे दिसतात. आता डोंगरउतारांवर नव्या धाटणीचे बंगले उभे राहत आहेत : सपाट छप्पर, पांढऱ्या भिंती, जमिनीपासून छतापर्यंत काच आणि समुद्रात मिसळल्याचा भास देणारा तरणतलाव. युरोपातील धनिकांप्रमाणेच लंडन-फ्रँकफर्ट येथे स्थिरावलेल्या भारतीयांना आणि मुंबई-पुणे-बंगळूरच्या काही उद्योजकांनाही अशा घरांचे आकर्षण वाटले, तर त्यात नवल नाही.

मात्र हे बंगले पुष्कळदा बांधून होण्यापूर्वीच विकले जातात. आरक्षणाची रक्कम, कराराच्या वेळचा हप्ता आणि बांधकामाच्या टप्प्यांवरील हप्ते मिळून किमतीचा मोठा हिस्सा ताबा मिळण्यापूर्वीच विकासकाच्या हाती जातो. त्या काळात खरेदीदाराच्या नावावर ना जमीन असते, ना भिंत. विकासक बुडाला, तर त्याच्या अनेक धनकोंपैकी एक होऊन रांगेत उभे राहणे एवढेच त्याच्या नशिबी येते.

हा धोका स्पेनच्या कायदेमंडळाने फार पूर्वी ओळखला होता. आगाऊ पैसे घेऊन घरे न देणाऱ्या विकासकांमुळे लोकांत घबराट पसरल्याने २७ जुलै १९६८ रोजी कायदा झाला. त्यानुसार आगाऊ रकमेच्या परतफेडीची हमी बँकेकडून वा विमा कंपनीकडून देणे आणि ती रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवणे विकासकावर बंधनकारक ठरले. कायदा उत्तम होता, परंतु तेजीच्या काळात त्याकडे सर्रास डोळेझाक झाली. २००८ मध्ये स्पेनच्या बांधकाम क्षेत्राचा फुगा फुटला, तेव्हा हजारो खरेदीदारांच्या हाती अर्धवट सांगाडे आले, पण हमीपत्रे नव्हती. अनेकांनी वर्षानुवर्षे न्यायालयांचे उंबरठे झिजवले. अखेर २१ डिसेंबर २०१५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. स्वतंत्र खाते व हमी यांची मागणी न करता खरेदीदारांचे पैसे विकासकाच्या खात्यात जमा करून घेणारी बँकही त्या पैशांना जबाबदार आहे, असे न्यायालयाने ठरवले. बँक व्यवसायातील प्रत्येकाने हा निर्णय लक्षात ठेवण्याजोगा आहे. खात्यात आलेला पैसा कोणाचा आणि कशासाठीचा आहे, हे ठाऊक असूनही मौन पाळणारी बँक तटस्थ राहत नाही, हा त्याचा मथितार्थ होय.

२०१६ च्या आरंभापासून या तरतुदी स्पेनच्या इमारत कायद्यात नव्या स्वरूपात समाविष्ट झाल्या आहेत. बांधकाम परवाना मिळाल्यापासून भरलेल्या रकमा कायदेशीर व्याजासह परत मिळण्याची हमी त्यात आहे. परंतु मुदत उलटली तर हक्कही गमावतो. विकासकाने करारभंग केल्यापासून दोन वर्षांत मागणी न केल्यास बँकेची हमी संपुष्टात येते. म्हणजे हमीपत्र मिळवणे जितके आवश्यक, तितकेच त्याच्या तारखांवर लक्ष ठेवणेही आवश्यक आहे.

भारतीय वाचकाला येथे २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याचे स्मरण होईल. आपल्याकडे ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. पैसा अन्यत्र वळू नये, यासाठी ही तरतूद मोलाची आहे. तथापि परताव्याचा आदेश झाला, तरी ती रक्कम प्रत्यक्षात विकासकाकडूनच वसूल करावी लागते. स्पॅनिश पद्धतीत परताव्यासाठी तिसरा, सक्षम पक्ष उभा असतो. हमीचा खर्च अखेर घराच्या किमतीतच मिसळतो, हा आक्षेप खरा आहे. तरीही परदेशात घर घेणाऱ्यासाठी तो खर्च म्हणजे निश्चिंततेचे मूल्य आहे आणि ते देण्यात काटकसर करू नये.

या बाबतीत एक फसवी वाट आहे, तिचा उल्लेख आवश्यक आहे. काही वेळा भूखंड एका खताने आणि बंगल्याचे बांधकाम वेगळ्या कंत्राटाने विकले जाते. अशा व्यवहारात खरेदीदार स्वतःच विकासकाच्या भूमिकेत जातो आणि वरील हमीचे कवच त्याला आपोआप लाभत नाही. करातही फरक पडतो. तयार नव्या घरावर मूल्यवर्धित कर १० टक्के, तर व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतलेल्या बांधकामयोग्य भूखंडावर २१ टक्के आहे. स्पेनमधील नोटरी हा शासनमान्य अधिकारी असला, तरी तो दोन्ही पक्षांचा असतो. म्हणून विकासकाने वा दलालाने सुचवलेला नव्हे, तर स्वतः निवडलेला वकील असावा. त्याने मालमत्ता नोंदणी कार्यालयातील उतारा, त्यावरील बोजे आणि बांधकाम परवाना तपासून द्यावा.

आकड्यांचा विचारही आधीच करावा. उदाहरणादाखल सहा लाख युरोचा नवा बंगला घेतला, तर मूल्यवर्धित कराचे ६० हजार आणि सुमारे दीड टक्का दस्त-शुल्काचे नऊ हजार युरो वाढतात. नोटरी, नोंदणी व वकील यांचा खर्च वेगळाच. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलर पाठवता येतात. पती-पत्नी दोघांची मर्यादा एकत्र केली, तरी एका वर्षात हा व्यवहार पुरा होत नाही. अशा प्रेषणासाठी बँकेला कर्जही देता येत नाही. वर्षभरात दहा लाख रुपयांपुढील रकमेवर २० टक्के कर उगमस्थानी गोळा होतो. एक कोटी रुपये पाठवणाऱ्याचे १८ लाख रुपये, विवरणपत्रात त्यांचे समायोजन होईपर्यंत, अडकून राहतात. शिवाय हे घर विवरणपत्राच्या परकीय मालमत्तेच्या तक्त्यात दरवर्षी दाखवावे लागते.

घर घेतले म्हणजे वास्तव्याचा हक्क मिळाला, हाही समज आता सोडून द्यावा. पाच लाख युरोच्या मालमत्तेवर निवास परवाना देणारी स्पेनची योजना ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाली. अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी युरोपीय संघाबाहेरील अनिवासी खरेदीदारांवर किमतीच्या १०० टक्क्यांपर्यंत कर लावण्याचा प्रस्ताव जाहीर केला होता. त्याची सद्यःस्थिती करारापूर्वी वकिलाकडून लेखी घ्यावी.

या सर्वांत भारतातील बँकेची भूमिका कोणती? नियमानुसार ए-२ अर्ज, पॅन आणि मर्यादेची पडताळणी एवढ्यावर काम संपते. परंतु पैसे पाठवणाऱ्या ग्राहकासमोर बसलेल्या अधिकाऱ्याने आणखी दोन प्रश्न विचारले, तर त्याला एक मिनिटही अधिक लागणार नाही. ज्या खात्यात रक्कम जात आहे, तेच खाते हमीपत्रात नमूद आहे काय? आणि ते हमीपत्र ग्राहकाच्या नावाने त्याच्या हाती आले आहे काय? उत्तर नकारार्थी असेल, तर प्रेषण आठ दिवस थांबवण्याचा सल्ला देणे हीच खरी ग्राहकसेवा ठरेल. पाठवलेला पैसा परत आणण्यासाठी आठ वर्षेही अपुरी पडतात, हे स्पेनच्याच इतिहासाने दाखवून दिले आहे.

समुद्र कोठेही जाणार नाही आणि मोंतगो पर्वतही जागचा हलणार नाही. घाई असते ती विकणाऱ्याला. खरेदीदाराने हमीपत्र हाती येईपर्यंत लेखणी खाली ठेवावी. सागराभिमुख खिडकीतून दिसणारे दृश्य निश्चिंत मनाने पाहता यावे, यासाठी एवढा संयम पुरेसा आहे.