घरकाम करणाऱ्या बाईंनाही शस्त्रक्रियेची पगारी रजा हवी



घरकाम करणाऱ्या बाईच्या शस्त्रक्रियेला आता पूर्वीइतका पैसा आडवा येत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. अडतं ते शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीपाशी. पोट उघडून गर्भपिशवी काढली, तर डॉक्टर साधारण सहा आठवडे जड काही उचलू नका म्हणून बजावतात. त्या सहा आठवड्यांचा पगार कोण देणार? माझ्या मते, तो जिथे ती राबते त्या घरांनीच द्यायला हवा.

महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या, कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळतं. घरकामगार बाई या योजनेत येत नाही. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात उपचारखर्चाला मदतीची तरतूद आहे, पण आजारपणात पगारी रजा देण्याचं बंधन मालकावर नाही. म्हणजे सगळं आपल्या मर्जीवर.

ही मर्जी कशी चालते, ते आमच्याच इमारतीत पाहिलं. आमच्या मजल्यावर काम करणाऱ्या ताईंचं पिशवीचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्याच आठवड्यात त्या कामावर हजर झाल्या. साडीच्या आत पोटपट्टा, एक हात पोटाशी दाबून धरलेला आणि दुसऱ्या हाताने फरशी पुसणं चालू. भरली बादली उचलवत नव्हती, म्हणून अर्धी अर्धी भरून नेत होत्या. एका घरातून निरोप गेला होता, ‘एक तारखेपर्यंत आला नाहीत तर दुसरी बाई बघावी लागेल.’ त्याच इमारतीतल्या दुसऱ्या घराने मात्र पूर्ण पगार दिला, काम राखून ठेवलं आणि ‘घाई करू नका, आल्यावरही महिनाभर फक्त ओटा आवरा’ असं सांगितलं. पण चार घरांपैकी एकाच घराने असं वागून भागत नाही. उरलेल्या घरांची कामं हातची जाऊ नयेत म्हणून ती बाई जखम भरायच्या आत उठतेच.

‘आम्ही उचल दिली की!’ असं बरेच जण सांगतात. पण ती उचल पुढच्या पगारातून दरमहा कापली जाते. ते कर्ज झालं. त्याला आधार कसं म्हणायचं?

दुसरा मुद्दा बदलीच्या बाईचा. ‘हिलाही पगार द्यायचा आणि तिलाही, हा भुर्दंड आम्हीच का सोसायचा?’ असा आक्षेप घेतला जातो. पेन्शनवर जगणाऱ्या वृद्ध जोडप्याची अडचण मला खरोखर पटते. त्यांनी अर्धा पगार द्यावा, पण काम राखून ठेवावं. बाकीच्यांबाबत हा आक्षेप मला मान्य नाही. प्रत्येक घराला फक्त आपल्या घरच्या कामाचा पगार द्यायचा आहे, तोही दीड महिन्याचा. आपल्याला हर्नियासाठी वैद्यकीय रजा मिळते, तेव्हा आपल्या जागी कोण काम करतं आणि त्याचा खर्च कोण सोसतं, याची चिंता आपण करत नाही. साहेबांचा ‘नीट बरे होऊन या’ असा फोन आला की केवढा धीर येतो! तो धीर आपल्या घरी राबणाऱ्या बाईला नाकारायचा कोणत्या तोंडाने?

पुण्याला तर हा प्रश्न नवा नाही. 1980 साली इथल्या मोलकरणींनी संप केला, तो आजारपणात रजा घेतलेल्या एका बाईला कामावरून काढल्यामुळे. पुढे त्यांची संघटना उभी राहिली. दिवाळीच्या बोनसचंच पाहा. कायद्याने सक्ती केलेली नसतानाही आज घरोघरी तो दिला जातो, कारण बायकांनी तो मागितला आणि सगळ्यांनी मिळून द्यायचं ठरवलं. शस्त्रक्रियेची रजाही अशीच रुळू शकते.

सरकारने कायदा करावाच. पण तोवर थांबायचं कारण नाही. गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. पार्किंग आणि पाण्याच्या टाकीबरोबर हा विषयही सभेपुढे ठेवा: डॉक्टरांची चिठ्ठी असेल तितके दिवस पगारी रजा, काम राखून ठेवणं आणि परतल्यावर काही आठवडे हलकी कामं. सर्व संस्थांच्या सचिवांना माझी ही कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे