सात वर्षं कोणाची मोजायची?

मागच्या आठवड्यात ओळखीतल्या एका काकांचा फोन आला. मुलाला हाँगकाँगच्या एका विद्यापीठात पीएचडीला प्रवेश मिळालाय. मी तिथे शिकून आले, म्हणून त्यांना चार गोष्टी विचारायच्या होत्या. राहणं, खाणं, खर्च, सगळं सांगितलं. फोन ठेवता ठेवता ते हसत म्हणाले, "तिकडे म्हणे फिलिपिनो बायका कामाला स्वस्तात मिळतात. पोरगं सेटल झालं की ठेवू एक." मी "हो, बघू" म्हणून फोन ठेवला. तेव्हा काही बोलले नाही याची चुटपुट लागून राहिली, म्हणून हे लिहितेय. जरा लांबलंय, पण वाचा.

हाँगकाँगमधली माझी रूममेट फिलिपिनो होती. चार वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. खोली म्हणजे काय, दोन पलंग, दोन टेबलं आणि मधे एकीने उभं राहायची जागा. ती उत्तर लुझॉनमधल्या कागायानची. वडील शेतकरी, भात आणि मका. ती तिथल्या एका सरकारी कॉलेजात शिकवत होती आणि भूजलावर पीएचडी करायला आली होती.

तिचा दिवस माझ्यासारखाच होता. सकाळी लॅब, दुपारी कँटीन, रात्री परत लॅब. मी खोलीवर आले की तिचा पहिला प्रश्न, "कुमाइन का ना बा?" म्हणजे जेवलीस का? आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला विचारतात ना, अगदी तसंच. तिन्ही त्रिकाळ भात लागायचा. रविवारी रात्री आडोबो करायची. व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, तमालपत्र, मिरी आणि चिकन. माझ्या आमटीबरोबर ते बरं लागायचं. सप्टेंबर उजाडला की हिची ख्रिसमसची गाणी सुरू. त्यांच्याकडे 'बर' ने संपणारा महिना लागला की नाताळ आलाच म्हणे.

पलंगाखाली एक मोठं खोकं असायचं. बालिकबायान बॉक्स. साबण, शांपू, टूथपेस्ट, चॉकलेट, डबाबंद मटण, भावंडांचे बूट. दोन-तीन महिने भरत राहायचं आणि मग जहाजाने गावी पाठवायचं. स्टायपेंड जमा झाला की पहिला हप्ता घरी. धाकट्या बहिणीची नर्सिंगची फी आणि वडिलांची औषधं. उरलेल्यात ती महिना काढायची. शिष्यवृत्ती एका माणसाची असते, खाणारी तोंडं पाच असतात, हे मी तिच्याकडे बघून शिकले.

सप्टेंबर 2018 मधलं मंगखुट वादळ आठवतं. त्यांच्याकडे त्याचं नाव ओम्पोंग. हाँगकाँगमध्ये ते 16 तारखेला आलं, दहा नंबरचा इशारा लागला, खिडक्या थरथरत होत्या आणि आम्ही खोलीत बसून मॅगी खात होतो. पण ते वादळ आदल्याच दिवशी कागायानवरून आलं होतं. तिच्या घरचा फोन दोन दिवस लागत नव्हता. घर वाचलं, पीक गेलं. त्या महिन्यात तिने लॅबमधून एक दिवसही सुट्टी घेतली नाही, फक्त घरी पाठवायची रक्कम वाढवली.

आता मुद्द्याचं. आम्ही दोघी एकदा एका इमारतीत प्राध्यापकांकडे जेवायला गेलो होतो. दारावरच्या रखवालदाराने मला सोडलं. तिला थांबवून विचारलं, "कोणत्या घरात कामाला?" तिने शांतपणे विद्यार्थी ओळखपत्र दाखवलं. तो ओशाळला, "सॉरी" म्हणाला. लिफ्टमध्ये मी चिडचिड करत होते. ती म्हणाली, "मला मोलकरीण समजला याचा राग नाही गं. माझी मावशी तेच काम करते. 'सॉरी' का म्हणाला, त्याचा राग आहे."

हे वाक्य मला समजायला वेळ लागला.

हाँगकाँगमध्ये परदेशी घरकामगार साडेतीन लाखांच्या वर आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त फिलिपिनो. जवळपास सगळ्या बायका. रविवार त्यांच्या सुट्टीचा दिवस. सेंट्रल भागात रस्त्यांवर, पुलांवर, बँकांच्या इमारतींखाली पुठ्ठे अंथरून हजारो जणी बसतात. जेवतात, केस कापतात, पत्ते खेळतात, घरी व्हिडिओ कॉल करतात. कारण बसायला दुसरी जागाच नाही. 2003 पासून मालकाच्या घरातच राहायची सक्ती आहे. माझी रूममेट रविवारी चर्चला जायची आणि नंतर मावशीबरोबर त्या पुठ्ठ्यावर बसायची. मीही जायचे. तिथे ती वयाने मोठ्या बायकांना 'आते' म्हणायची. तगालोगमध्ये आते म्हणजे थोरली बहीण. मी सांगितलं, आमच्याकडे आते म्हणजे बापाची बहीण. तेव्हापासून मलाही त्या सगळ्या आते झाल्या.

त्या आत्यांमध्ये दोघी शाळामास्तरणी होत्या. मास्तरीण घरकामाला का येते? हिशोब बघा. 2024 च्या सप्टेंबरपासून हाँगकाँगमध्ये घरकामगाराचं किमान वेतन महिना 4,990 हाँगकाँग डॉलर होतं. आपले साधारण 54 हजार रुपये, फिलिपिन्सचे 36 हजार पेसो. आणि तिकडे सरकारी शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षकाला मिळतात साधारण 30 हजार पेसो. दुसऱ्याचं पोर सांभाळायला मिळतात त्यापेक्षा कमी पैसे आपल्या गावची पोरं शिकवायला मिळतात. मग कोण राहील?

हा काही अपघात नाही. 1974 मध्ये मार्कोसच्या राजवटीत माणसं बाहेर पाठवायचं धोरण कायद्यात आलं. 1988 मध्ये कोरी अकिनोंनी या लोकांना 'नवे वीर' म्हटलं. आज बाहेरून येणारा पैसा देशाच्या उत्पन्नाच्या आठ-नऊ टक्क्यांच्या घरात आहे. वीर म्हटलं की विमानतळावर स्वागताचे फलक लावता येतात, गावात नोकऱ्या तयार करायची घाई राहत नाही. जे शिकायला किंवा फिरायला निघतात त्यांच्यावर मात्र विमानतळावरच संशय. 2023 मध्ये एका तरुणीची गोष्ट तिकडे खूप गाजली. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने तिच्याकडे कॉलेजचं इयरबुक मागितलं होतं! माझी रूममेट दर सुट्टीनंतर परत येताना फायलीत अ‍ॅडमिशन लेटर, स्टायपेंडचं पत्र, सगळं घेऊन निघायची.

आणि हाँगकाँग? तिथला कायदा सांगतो, परदेशी माणूस सलग सात वर्षं कायदेशीर राहिला की तो कायमचा रहिवासी होण्यासाठी अर्ज करू शकतो. माझी विद्यार्थी म्हणून वर्षं त्यात धरली जात होती. माझ्या रूममेटचीही. तिच्या मावशीची मात्र नाहीत. मावशी तिथे एकोणीस वर्षं होती. एव्हांजेलिन वालेहोस नावाची बाई 1986 पासून तिथे घरकाम करत होती, ती या प्रश्नावर कोर्टात गेली. 2011 मध्ये खालच्या कोर्टात जिंकली, पुढे हरली आणि 25 मार्च 2013 ला तिथल्या सर्वोच्च कोर्टाने कायमचा निकाल दिला, की घरकामगारांचं राहणं हे 'सर्वसाधारण वास्तव्य' नव्हे.

म्हणजे बघा, पासपोर्ट एक, गाव एक, घराणं एक. भाची लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासते, तिचं वर्ष म्हणजे वर्ष. मावशी म्हाताऱ्याला उचलून न्हाऊ घालते, तिचं वर्ष शून्य. करार तुटला तर मावशीला दोन आठवड्यांत देश सोडायचा. भाचीला पदवीनंतर नोकरी शोधायला व्हिसा.

कोणी म्हणेल, शहर एवढंसं, साडेतीन लाख लोकांना कायमचं कसं ठेवणार? आणि त्या अटी वाचूनच सही करतात ना? प्रश्न रास्त आहे. किती जणांना यायला द्यायचं ते ठरवायचा हक्क कुठल्याही शहराला असतो. पण एकोणीस वर्षं ज्यांच्या हातचं खाल्लं, त्यांना 'तुम्ही इथे राहतच नव्हता' असं म्हणायचा हक्क वेगळा. आणि सहीचं म्हणाल तर ज्या गावात मास्तरकीवर घर चालत नाही, त्या गावातली सही कितपत खुशीची?

एका रविवारी ती मला रेडनॅक्सेला टेरेस नावाच्या चिंचोळ्या गल्लीत घेऊन गेली. तिथे होसे रिझालच्या नावाची पाटी आहे. फिलिपिन्सचा हा राष्ट्रपुरुष 1882 मध्ये शिकायला स्पेनला गेला. थोरला भाऊ पासियानो घरच्या शेतीतून त्याला पैसे पाठवायचा. पुढे 1891-92 मध्ये रिझाल हाँगकाँगमध्ये डोळ्यांचा डॉक्टर होता. 1896 मध्ये स्पेनने त्याला गोळ्या घातल्या. ती म्हणाली, "तेव्हा शेत विकून, पिकवून पैसे बाहेर जायचे आणि माणूस शिकायचा. आता माणूस बाहेर जातो आणि पैसे घरी येतात. शेत तेवढंच राहिलं."

तिच्या कॉलेजशी तिचा करार होता, शिकून झाल्यावर परत येऊन शिकवायचं. चार वर्षं झाली, ती परत गेली. अजून तीन वर्षं काढली असती तर तिचं तिथे कायमचं झालं असतं. मावशी अजून तिथेच आहे.

आता आपल्याकडचं. हे सगळं मनात घोळत होतं तेव्हा मी आईला विचारलं, आपल्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींना किती वर्षं झाली गं? आई आठवून म्हणाली, "तू चौथीत होतीस." म्हणजे एकवीस वर्षं. आठवड्याची सुट्टी? नाही, खाडे धरतो. लेखी काही? नाही. पगार शेवटचा कधी वाढवला? आई गप्प. मीही गप्प, कारण मी इतकी शिकून आले आणि एवढ्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. महाराष्ट्रात 2008 पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. आमच्या मावशींची नोंदणी नाही. हाँगकाँगला नावं ठेवताना हे लक्षात ठेवावं लागतं, की तिथे निदान छापील करार आहे, ठरलेलं वेतन आहे आणि आठवड्यातून एक दिवस हक्काची सुट्टी आहे.

या रविवारपासून मावशींना सुट्टी, पगारी. भांडी आम्ही घासतो. पगार दर दिवाळीला वाढवायचा असं वहीत लिहून दोघींच्या सह्या केल्या. नोंदणीसाठी त्यांच्याबरोबर मी जाणार आहे. हे काही मोठं काम नाही, उशिरा केलेलं काम आहे. तुमच्याकडे येणाऱ्या मावशींना किती वर्षं झाली, तेवढं आज घरी विचारून बघा.

आणि काकांना उद्या फोन करणार आहे. पोराला सांगा म्हणणार आहे, तिकडे फिलिपिनो बायका भेटतील. त्यातली एखादी त्याच्याच लॅबमध्ये त्याच्या पुढच्या बाकावर असेल. दुसरी रविवारी पुठ्ठ्यावर बसलेली दिसेल. ती कदाचित पहिलीची मावशी असेल. दोघींशी एकाच आवाजात बोलायला शीक.